बेगमी हवी, पण मीठ मोजून

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला, की खेडच्या बाजारपेठेत आगोटीची लगबग सुरू होते. आगोट म्हणजे पावसाळ्याचे तोंड, आणि त्या सुमारास घरात भरून ठेवायच्या जिनसांना कोकणात आगोटीचे सामान म्हणतात. सुकी मिरची, हळकुंडे, धणे, चिंच, जाडे मीठ, कांदे, कडवे वाल, कुळीथ, सुकट, सोडे, बोंबील असा एकेक जिन्नस पारखून, भाव करून, पिशव्या एसटीने किंवा रिक्षाने वाडीवर नेल्या जातात. घरी तोवर आमसुले वाळलेली असतात, पापड-कुरडया डब्यांत गेलेल्या असतात आणि लोणच्याच्या बरणीला दादरा बांधून झालेला असतो. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे साधारण ७ जूनच्या आत, कोठी भरलेली असली पाहिजे, असा इथला जुना दंडक.

हा दंडक हौसेतून आलेला नव्हता. पावसाळ्यात समुद्रावरची वाहतूक बंद होई, सह्याद्रीचे घाट दरडींनी अडत आणि वहाळांना पूर आला, की वाडीवरून पेठेत येणेही अशक्य होई. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. या काळात घरात तोंडे किती, प्रत्येकाला रोज किती लागते, पाहुणा किती येईल, गणपतीला चाकरमानी किती उतरतील, याचा हिशेब घरची वडीलधारी बाई मनातल्या मनात करी आणि तो सहसा चुकत नसे. आज ज्याला आपण नियोजन म्हणतो, ते याहून वेगळे नाही.

आता काळ पालटला, असे सहज म्हटले जाते. १९९८ पासून कोकण रेल्वे धावते आहे, मुंबई-गोवा महामार्ग भरणे नाक्यावरून जातो आणि दुकानांत बारा महिने सर्व काही मिळते. मग बेगमीचे प्रयोजन काय उरले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. एक म्हणजे पाऊस पालटलेला नाही. दुसरी म्हणजे पूर्वी टंचाई मालाची होती. आज ती वेळेची आहे.

दुकान जवळ, वेळ दूर

खेडमधील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. आजोबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यांना रक्तदाब आहे. आजींना मधुमेह आहे आणि दाताची कवळी आहे. मुलगा लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत पाळीने कामाला जातो, सून शाळेत शिकवते आणि नात पाचवीत आहे. असे घर काल्पनिक असले, तरी अनोळखी नाही. या घरात किराणा कसा येतो? सून शाळेतून परतताना आठवेल ते घेते. पाळी सुटल्यावर मुलगा नाक्यावरून काहीतरी आणतो. दोघांनाही घाई असते आणि दोघांनाही ठाऊक नसते, की दुसऱ्याने काय आणले. साखर दोनदा येते, मुगाची डाळ एकदाही येत नाही. आणि घाईच्या हाताला सर्वांत आधी जे लागते, ते म्हणजे बिस्किटे, खारी, टोस्ट, फरसाण आणि दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवया.

त्याचा परिणाम दुपारी दिसतो. घरातील कर्ती माणसे बाहेर असतात. आजोबा-आजींना स्वयंपाक करण्याचा कंटाळा येतो किंवा तेवढा दम राहत नाही. चहा आणि खारी यांवर वेळ निभावली जाते. पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही. वजन हळूहळू उतरते, पायांतील बळ कमी होते आणि एक दिवस न्हाणीघरात पाय घसरतो. पडण्याचे खापर ओल्या फरशीवर फुटते. परंतु स्नायूंची झीज कित्येक महिने आधीपासून सुरू असते आणि तिच्या कारणांपैकी एक घरातल्या फडताळातच सापडते.

म्हणून किराण्याची यादी हा केवळ खर्चाचा कागद नव्हे, तो घराच्या प्रकृतीचाही कागद आहे. आगोटीची रीत या कामी आजही उपयोगी पडते. मात्र ती जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तिच्यातील हिशेब घ्यावा आणि तिच्यातील मीठ कमी करावे.

मीठ कोठे लपते?

जुन्या बेगमीत टिकवण्याची साधने मुख्यतः तीन होती: ऊन, मीठ आणि साखर. उन्हाबद्दल तक्रार नाही. कुळीथ, वाल, मिरची, सुकट, सोडे उन्हानेच टिकतात. परंतु खारवलेला बांगडा, लोणचे आणि खारातली मिरची मिठावर टिकतात. पापडात मिठाखेरीज पापडखारही असतो आणि त्यातूनही सोडियमच पोटात जाते. आगळ म्हणजे मीठ घालून टिकवलेला कोकमाचा रस. आंबापोळी आणि मोरंबा साखरेवर उभे असतात.

शेतात दिवसभर राबून घाम गाळणाऱ्या माणसाला हे मीठ पेलत असे. सत्तरी ओलांडलेल्या शरीराची गोष्ट निराळी. वयाबरोबर रक्तवाहिन्यांची लवचिकता कमी होते आणि जादा सोडियम बाहेर टाकण्याची मूत्रपिंडांची शक्ती मंदावते. त्यामुळे त्याच मिठाने रक्तदाब अधिक चढतो. ज्यांचे हृदय दुर्बळ आहे, त्यांच्या बाबतीत एखाददुसऱ्या दिवसाच्या खारट खाण्यानेही पायांवर सूज येऊ शकते आणि धाप लागू शकते. यात आणखी एक अडचण आहे. उतारवयात जिभेची आणि नाकाची संवेदना बोथट होते, जेवण अळणी वाटू लागते आणि माणूस वरून मीठ मागतो. हा हट्ट नसतो. त्यांना खरोखरच चव कमी लागत असते.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे. पाच ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा. यात आमटीतले, लोणच्यातले, पापडातले, पावातले आणि फरसाणातले असे सर्व मीठ आले. आता आगोटीच्या पद्धतीने हिशेब करावा. पाच माणसे, रोज ५ ग्रॅम, तीस दिवस. बेरीज ७५० ग्रॅम होते, आणि तीही कमाल. एवढ्या घरात किलोभर मिठाचे पाकीट महिना संपण्यापूर्वीच संपत असेल, शिवाय लोणचे, पापड, फरसाण वेगळे येत असेल, तर रक्तदाबाची गोळी वाढवण्याआधी त्या पाकिटाकडे पाहावे. लोणचे घालण्यासाठी किंवा मासे खारवण्यासाठी आणलेले मीठ वेगळे मोजावे, म्हणजे हिशेब बिघडत नाही.

याचा अर्थ आजोबांच्या ताटातून लोणचे हिसकावून घ्यावे, असा नाही. आयुष्यभर ज्या चवीवर माणूस जगला, ती एका फटक्यात तोडली, तर तो जेवणच कमी करतो आणि ते अधिक घातक ठरते. काही सोपे उपाय आहेत. ज्या दिवशी लोणचे, त्या दिवशी पापड नको. लोणच्याची फोड लहान असावी आणि खार निथळून वाढावा. खारवलेला मासा दोन पाण्यांत भिजवून घ्यावा आणि कालवणात वेगळे मीठ घालू नये. आगळाची सोलकढी करताना आधी चव पाहावी. बहुधा वरून मिठाची गरज पडत नाही. अळणीपणा घालवण्यासाठी लिंबू, ओली कोथिंबीर, आले, लसूण, ओवा, जिरे यांचा हात सैल सोडावा. मिठाचे प्रमाण हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत उतरवले, की जीभ जुळवून घेते.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना आवश्यक आहेत. मीठ पूर्ण बंद करू नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या वृद्धांच्या रक्तातील सोडियम फार खाली जाऊ शकते. त्याने गोंधळलेपण आणि तोल जाणे असे त्रास होतात. तसेच दुकानात ‘कमी सोडियमचे मीठ’ म्हणून जे मिळते, त्यात बहुधा सोडियमच्या जागी काही प्रमाणात पोटॅशियम घातलेले असते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना आणि रक्तदाबाच्या किंवा हृदयविकाराच्या विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांना ते धोक्याचे ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते यादीत घालू नये.

यादी कोणाच्या ताटापासून सुरू करावी?

बहुतेक घरांत यादीची सुरुवात तांदूळ, गहू, साखर, तेल अशा ठरलेल्या क्रमाने होते. तिची सुरुवात घरात ज्याला खाण्याची सर्वांत अधिक अडचण आहे, त्याच्या ताटापासून करून पाहावी. आमच्या कल्पित घरात ते ताट आजींचे. त्यांना कवळीमुळे कडक चावत नाही, मधुमेहामुळे नुसता भात झेपत नाही आणि तरीही प्रथिने मात्र पुरेशी हवी आहेत. वृद्धांना प्रत्येक किलो वजनामागे दिवसाला निदान एक ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे आहारतज्ज्ञ सांगतात. पन्नास किलो वजनाच्या आजींना म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आणि या ठिकाणी कोकणची कोठी आपल्या बाजूने उभी राहते. शंभर ग्रॅम कुळथांत वीस ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. कुळथाची पिठी म्हणजे चावण्याची अडचण असलेल्यांसाठी जणू मुद्दाम शोधून काढलेला पदार्थ: दहा मिनिटांत होते, मऊ असते, भातावर किंवा भाकरीशी चालते. नाचणीत कॅल्शियम भरपूर असते. तिची आंबील किंवा मऊ भाकरी सकाळच्या खारीची जागा घेऊ शकते. मुगाची डाळ, मोड आलेल्या कडव्या वालांचे मऊ शिजवलेले बिरडे, अंडी, दही आणि मांसाहार चालत असेल तर सुकटीची चटणी, असे हे ताट भरते. सुकट उन्हात वाळवलेली, न खारवलेली पाहून घ्यावी आणि चटणीत मीठ बेताने घालावे. जून-जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि ताजे मासे कमी मिळतात, म्हणून सुकी मासळी आगोटीच्या यादीत पूर्वीपासून आहे.

आजींच्या ताटासाठी जे आले, तेच नातीच्या डब्यातही जाऊ शकते. नाचणीचे घावन, मुगाचे धिरडे, उकडलेले अंडे यांना वेगळा किराणा लागत नाही. दोन तोंडांसाठी दोन स्वयंपाक करावे लागतात, ही कर्त्या स्त्रियांची मोठी तक्रार असते आणि ती खरी आहे. परंतु जिन्नस एक, शिजवणे एक आणि शेवटचा हात वेगळा, अशी रचना यादी करतानाच डोळ्यांसमोर ठेवली, तर निम्मे कष्ट वाचतात. आजींसाठी पळीभर आमटी तिखट घालण्यापूर्वी काढून ठेवणे, याला काही वेळ लागत नाही.

तीन याद्या

सर्व सामानाची एकच यादी केली, तर ती लांबलचक होते आणि बारगळते. तीन याद्या कराव्यात.

पहिली आगोटीची. ही वर्षातून एकदा, मेच्या मध्यावर करावी. टिकणारे आणि पावसात महाग किंवा दुर्मीळ होणारे जिन्नस तीत येतात: कुळीथ, वाल, मसाल्याचे सामान, सुकी मासळी, आमसुले, कांदे-लसूण, नाचणी. प्रमाण ठरवताना जुन्या सवयीवर जाऊ नये. पूर्वी घरात दहा माणसे होती, आज चार आहेत, तरीही लोणच्याची बरणी तेवढीच भरली जाते. मग बरणी आहे म्हणून खाल्ले जाते. बरणी लहान करावी.

दुसरी यादी महिन्याची. यात तांदूळ, गहू, डाळी, तेल, साखर, मीठ, चहा, पोहे, रवा असे येते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहार-मार्गदर्शिकेत दोन हजार उष्मांकांच्या ताटासाठी दिवसाला २७ ग्रॅम तेल-तूप आणि डाळी, कडधान्ये, अंडी व मासे-मांस मिळून ८५ ग्रॅम असे प्रमाण दिले आहे. घरात वृद्ध आणि मूल असल्याने सरासरी थोडी कमी धरू. शाकाहारी घरात पाच माणसांना रोज प्रत्येकी ६० ग्रॅम डाळ-कडधान्य धरले, तरी महिन्याला ९ किलो लागते. तेल २५ ग्रॅम धरले, तर पावणेचार किलो, म्हणजे चार लिटरांच्या थोडे वर. आता मागील महिन्याची पावती काढून हे दोन आकडे ताडून पाहावेत. डाळ चार किलो आणि तेल सात लिटर असे निघाले, तर आहार कोठे झुकला आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. शिधापत्रिकेवर मिळणारे धान्यही याच यादीत मांडावे. तांदूळ-गहू तेथून येत असतील, तर त्यावरचे वाचलेले पैसे डाळी आणि अंड्यांकडे वळवता येतात.

औषधे याच यादीच्या शेवटच्या ओळीत असावीत. रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधे हा वेगळा विषय मानल्यामुळेच ती रविवारी रात्री संपतात. किराणा भरण्याचा दिवस आणि औषधे मोजण्याचा दिवस एकच ठेवावा.

तिसरी यादी आठवड्याची, आणि ती मुद्दाम मोकळी ठेवावी. पालेभाजी, फळे, दूध-दही, अंडी, ताजे मासे एवढेच तिच्यात असते. भाजीचे नाव आधी लिहू नये. ‘पालेभाजी तीन वेळा, फळभाजी चार वेळा’ एवढेच लिहावे आणि बाजारात जे ताजे व स्वस्त असेल ते घ्यावे. पहिल्या पावसानंतर टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या विकायला येतात. आजींना त्या ओळखता येतात आणि शिजवण्याची रीतही ठाऊक असते. त्या ज्ञानाचा उपयोग करावा. मात्र खात्रीने ओळखीची नसलेली रानभाजी कोणीही घरात आणू नये.

ओलाव्याशी सामना

कोकणात साठवणीचा पहिला शत्रू ओलावा. धान्य भरण्यापूर्वी कडक ऊन द्यावे, पूर्ण निवू द्यावे आणि मगच घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावे. कडधान्यांना एरंडेलाचे बोट फिरवण्याची जुनी रीत निर्धोक आहे. तांदळात बोरिक पावडर घालण्याची सवय मात्र सोडावी. ती खाण्याची वस्तू नाही आणि प्रत्येक वेळी पुरती धुतली जाईलच, याचा भरवसा नाही. धान्यात बिब्बे टाकून ठेवणेही लहान मुले आणि नजर अधू झालेली माणसे असलेल्या घरात टाळावे. त्याच्या तेलाने कातडी भाजते.

बुरशी धरलेले शेंगदाणे, मिरच्या किंवा धान्य ऊन दाखवून, पाखडून पुन्हा वापरू नये. काही बुरशींचे विष उष्णतेनेही जात नाही आणि यकृताला अपाय करते. काटकसरीत आयुष्य काढलेल्या वडीलधाऱ्यांना अन्न टाकणे जिवावर येते. म्हणून थोडे आणावे, म्हणजे टाकण्याची वेळ कमी येते.

प्रत्येक डब्यावर जिनसाचे नाव आणि भरल्याची तारीख ठळक, मोठ्या अक्षरांत लिहावी. वेलदोड्याएवढ्या अक्षरांतली छापील तारीख मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना दिसत नाही. नवा माल मागे, जुना पुढे. रोजच्या वापराचे डबे कंबर ते खांदा या उंचीत ठेवावेत. स्टुलावर चढून डबा काढताना वृद्ध माणसे पडतात. धुण्याचा सोडा आणि खाण्याचा सोडा, फिनेल आणि तेल ही कधीही शेजारी-शेजारी असू नयेत.

पाणी चढते तेव्हा

जगबुडी नदीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोक्याची पातळी ७ मीटर आहे. पावसाळ्यात खेडकरांचे कान या आकड्यांकडे असतात. जुलै २००५ मध्ये आणि पुन्हा २२ जुलै २०२१ रोजी पाणी बाजारपेठेत शिरले. २०२१ साली खेड-चिपळूण परिसरात रस्ते बंद झाले, कोकण रेल्वेची वाहतूक थांबली, वीज आणि फोन गेले. ज्या घरांत वृद्ध रुग्ण असतात, तेथे अशा वेळी खरा प्रश्न भुकेच्या आधी औषधाचा आणि पिण्याच्या पाण्याचा असतो.

म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात घरातील सर्वांत उंच, कोरड्या जागी एक डबा तयार ठेवावा. हा डबा कर्त्या माणसांनीच चढवावा आणि उतरवावा. त्यात सात दिवस पुरेल असे आणि फारसे शिजवावे न लागणारे अन्न असावे: पोहे, भाजलेले सातू किंवा नाचणीचे पीठ, भाजलेले चणे, दूध पावडर, गूळ, खजूर. मधुमेह असलेल्यांसाठी पिठे आणि चणे अधिक. पण रक्तातील साखर एकाएकी उतरली, तर तोंडात टाकण्यासाठी थोडी साखर हवीच. सोबत मीठ-साखरेच्या पाण्याची तयार पाकिटे, पाणी निर्जंतुक करण्याचे औषध, विजेरी आणि माणशी निदान तीन दिवसांचे पिण्याचे पाणी. नेहमीची औषधे किमान पंधरा दिवसांची, आणि त्यांच्या नावांची व मात्रांची यादी प्लास्टिकच्या पिशवीत. चष्मा आणि श्रवणयंत्राच्या बॅटऱ्याही विसरू नयेत.

इन्शुलिन घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. न उघडलेले इन्शुलिन शीतकपाटात ठेवतात. परंतु उघडलेली कुपी किंवा पेन बहुतेक प्रकारांत साधारण चार आठवडे सामान्य तापमानाला टिकते. वीज काही तास गेली म्हणून ते फेकू नये, आणि बर्फात घालून गोठवू तर मुळीच नये. पुराचे पाणी लागलेले धान्य, भाजी किंवा औषध मात्र वाळवून, धुऊन पुन्हा वापरू नये. त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते.

असे आगाऊ भरून ठेवणे ही केवळ जुन्या माणसांची खोड नव्हे. २०२५ साली केंद्र सरकारनेही पावसाळा लक्षात घेऊन जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे शिधावाटपाचे धान्य आगाऊ देण्यास राज्यांना सांगितले होते. ती एका अर्थी देशाची आगोटच होती.

कोठी काय सांगते?

शुश्रूषा करणाऱ्यांसाठी, विशेषतः मुंबई-पुण्यात राहून गावी असलेल्या आई-वडिलांची काळजी वाहणाऱ्यांसाठी, कोठी हे एक निरीक्षणाचे ठिकाण आहे. फोनवर ‘जेवलात का?’ असे विचारले, की ‘हो’ असेच उत्तर येते. पण महिनाअखेरीस तांदूळ तसाच उरला असेल आणि बिस्किटांचे पुडे संपले असतील, तर जेवण होत नाही, हे उघड आहे. एकच वस्तू पुन्हा पुन्हा आणली गेली असेल, फडताळात साखरेची चार पाकिटे निघत असतील, नासलेले पदार्थ ओळखले जात नसतील, नेहमीचा हिशेब अचानक जमेनासा झाला असेल, तर ती विस्मरणाच्या विकाराची सुरुवात असू शकते. अशा वेळी रागावू नये, थट्टा करू नये; डॉक्टरांना दाखवावे. दृष्टी मंदावणे, मनाची उदासी किंवा थायरॉइडचा विकार अशी बरी होण्याजोगी कारणेही यामागे असतात.

आणखी एक गोष्ट. ज्या बाईने पन्नास वर्षे आगोट भरली, तिच्या हातून कोठीची किल्ली एका दिवसात काढून घेणे तिच्या मनाला लागते. आता तिला बाजारात जाववत नाही, जड पिशवी उचलवत नाही. पण कोणता कुळीथ शिजतो आणि कोणता गोटा राहतो, कोणती मिरची नुसती लाल असते आणि कोणती तिखट, हे तिला आजही कळते. कामाचा भार तिच्यावर नको. निर्णयात मात्र वाटा हवा.

त्यासाठी साधी रीत अशी. महिन्याच्या शेवटच्या रविवारी अर्धा तास सर्वांनी कोठीपाशी बसावे. आजींनी डबे पाहून सांगावे, नातीने मोठ्या अक्षरांत वहीत लिहावे, मुलाने औषधे मोजावीत, सुनेने शेवटी एकदा नजर फिरवावी. आणायला जाण्याचे काम ज्याची पाळी नसेल त्याने करावे. ते सुनेच्या एकटीच्या माथी मारू नये. वहीच्या पहिल्या पानावर दर महिन्याला तीन आकडे लिहावेत: मीठ किती आले, तेल किती आले, डाळ किती आली. डॉक्टरांकडे जाताना ही वही सोबत न्यावी. रक्तदाब का उतरत नाही, वजन का घटते, याचे उत्तर शोधताना त्या तीन आकड्यांचा त्यांनाही उपयोग होईल.

मृग लागायला अवकाश असो वा नसो, ही वही कोणत्याही महिन्यात सुरू करता येते. पहिल्या दिवशी फक्त मिठाचे पाकीट कधी फोडले, त्याची तारीख लिहिली, तरी पुरे.